तुझ्या मक्यातल्या चार ओळी

भास्कर,

तुला जाऊन दोन महिने झाले, तरी तुझ्याशी भांडायची सवय काही सुटत नाही. दुकानाचं शटर वर केलं की मी अजून आधी समोरच्या बाकड्याकडे बघतो. त्या बाकड्यावर बसून तू माझी गिऱ्हाइकं परत पाठवायचास. मक्यावरच्या लष्करी अळीचं औषध मागायला कुणी आला, की तू त्याला अडवायचास. ‘‘अळी पाह्यली का बे डोळ्यानं, का शेजाऱ्यानं फवारलं म्हणून तू फवारून राह्यला?’’ आणि तो बिचारा खरंच वावरात पाहून येतो म्हणून निघून जायचा. सुलतानपुरात कृषी केंद्र चालवायचं आणि दारात तुला बसवून घ्यायचं, असला धंदा फक्त मीच करू जाणे.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गाव लोटलं होतं. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. संशोधन केंद्रावर वीस वर्षं रोजंदारीनं मक्याच्या तुऱ्यांना पिशव्या बांधलेला माणूस गावी परत येतो आणि अळीला न मानणारा मका स्वतःच्या वावरात तयार करायला घेतो, याचं सगळ्यांना कौतुक होतं. तू जिवंत असताना हेच लोक तुला ‘अळ्या पाळणारा’ म्हणायचे, ते कुणी काढलं नाही. मलाही बोलायला उभं केलं. मी माईक धरला, ‘भास्कर माझा मित्र होता’ एवढं म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं बोलता येईना.  पण मला जे बोलायचं होतं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. ते तुझ्याशी बोलायचं होतं, आणि चार वर्षं ते माझ्या तोंडाशी येऊन परत जात होतं.

आता लिहूनच टाकतो. तुझ्या वावरातल्या ज्या चार ओळींनी अळीला दाद दिली नाही, त्यांच्यात काही विशेष नव्हतं. त्यांच्यावर मी औषध मारलं होतं.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतो, कारण त्याशिवाय मला पुढचं सांगायचा धीर होणार नाही. तू लोकांच्या वावरांत फिरून पानांमागची अळीची अंडी गोळा करायचास. अळ्या बाहेर आल्या की एकेकीला वेगळं ठेवायचास, कारण दोघी एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाऊन टाकते. मी माझ्या दुकानातली औषधाच्या बाटल्यांची रिकामी बुचं देऊ केली, तर म्हणालास, ‘‘तुह्या बुचाच्या वासानंच मरतीन त्या. राहू दे.’’ मग पानठेल्यावरून चुन्याच्या रिकाम्या डब्या आणल्यास, वहिनीकडून त्या घासून घेतल्यास आणि त्यांत मक्याचं कोवळं पान घालून अळ्या वाढवल्यास. मका गुडघ्याएवढा झाला की रंगाच्या बारीक ब्रशनं प्रत्येक झाडाच्या पोंग्यात, शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, तीन-तीन अळ्या सोडायचास. पंगतीत वाढणारा जसं कुणाला कमी-जास्त वाढत नाही, तसं तुझं चालायचं. चाळीस ओळी, एकेक ओळ एकेका कणसाच्या दाण्यांची. चौदा दिवसांनी वही घेऊन प्रत्येक ओळीला गुण द्यायचास. एक म्हणजे पान शाबूत, नऊ म्हणजे नुसता दांडा उरला. कमी गुणांच्या ओळींच्या तुऱ्यांना आणि कणसांना खाकी पिशव्या, म्हणजे त्यांचा पराग त्यांनाच लागेल. बाकीच्या ओळी बाद.

आणि या सगळ्यात औषधाचा एक थेंब नाही. ही तुझी एकच अट होती. ‘‘औषध मारलं का मंग खरं कोण अन् खोटं कोण, काहीच कळत नाही,’’ असं तू म्हणायचास.

मी तुला किती छळलं या अटीवरून. म्हणायचो, तुझा मका यशस्वी झाला तर मी काय विकू? तू म्हणायचास, मीठ-मिरची वीक. मी म्हणायचो, अरे, माणूस दर वर्षाच्या पिकावर जगतो, तुझ्या मक्याला दहा वर्षं लागणार, तोवर कास्तकारानं काय पिकवायचं?  यावर तू, फवारलेल्या वावरात तण निंदायला गेल्यावर वहिनीचे डोळे कसे सुजून यायचे, ते सांगायचास. दरवर्षी मी आदल्या वर्षीपेक्षा कडक औषध विकतो, हेही सांगायचास. ‘‘अळी तुह्या दुकानापेक्षा हुशार हाये, दिल्या.’’ त्यावर मी चहा मागवायचो.

तिसऱ्या हंगामात वहिनीचं ऑपरेशन निघालं आणि तुला अकोल्याला जावं लागलं. अळ्या सोडून जेमतेम दोन दिवस झाले होते. तू माझ्या हातात वावराच्या फाटकाची किल्ली दिलीस. ‘‘रोज एक चक्कर मार. फक्त पाह्यजो. हात लावू नोको.’’ आणि निघता निघता मला सातव्या ओळीपाशी उभं केलंस. ‘‘हे ओळ वेगळी दिसून राह्यली मले. अळी चावते अन् बाजूले होते.’’ मी पाहिलं. मला सगळा मका सारखाच दिसला. तू त्या ओळीच्या खुंटीवर खडूनं फुली मारलीस आणि बस गाठायला पळालास.

सहाव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पोंगे अळ्यांच्या विष्ठेच्या ओल्या भुशानं भरले होते. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. वीस वर्षं मी या अळीसारख्या किडींवर औषध विकतोय, पण हाताची घडी घालून त्यांना खाताना बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यातच तुझा फोन आला. वहिनीला ताप भरला होता, टाके पिकले होते. तुझा आवाज इतका बारीक झाला होता की मी दोनदा ‘हॅलो’ म्हणालो. मका कसा आहे, असं तू विचारलंस. मी म्हणालो, बरा आहे. फोन ठेवला आणि मला वाटलं, हा माणूस बायकोचं दुखणं घेऊन परत येईल आणि इथं नुसते दांडे बघेल. माझ्याच्यानं ते सहन होईना.

मी दुकानातून पंप आणला. धुऱ्याच्या बांधाकडून सुरुवात केली. एकेका पोंग्यात नोझल धरून औषध सोडत गेलो. चार ओळी झाल्या आणि टाकी संपली. पाणी भरायला विहिरीवर गेलो, तिथं बादली हातात धरून थांबलो. हात लावू नोको, असं तू म्हणाला होतास. मी पंप धुतला आणि घरी आलो. तू आल्यावर सांगू, दोन शिव्या खाऊ, असं ठरवलं.

सगळ्या चाळीस ओळी फवारल्या असत्या तर बरं झालं असतं, भास्कर. तुला बघताक्षणी कळलं असतं. एक हंगाम वाया गेला असता, तू महिनाभर माझ्याशी बोलला नसतास आणि विषय संपला असता. पण मी मध्येच शहाणा झालो. चार ओळी हिरव्यागार आणि पाचवीपासून पुढं फाटक्या, असं चित्र मी तुझ्यासाठी तयार करून ठेवलं. तुला जे बघायचं होतं, नेमकं तसंच ते दिसत होतं.

तू परतलास आणि दुसऱ्याच दिवशी मला फोन केलास. ‘‘दुकान सोड अन् ये.’’ मी आलो तर तू दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये गुडघ्यांवर बसला होतास. तळहातावर वाळून काळ्या झालेल्या अळ्या होत्या. ‘‘खाल्लं तिनं, अन् मेली. पाह्य ना बे. खाल्लं, अन् मेली.’’ तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौथीच्या वर्गापासून मी तुला ओळखतो, तुझी आई गेली तेव्हाही मी जवळ होतो, पण तुला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या क्षणी मला खरं बोलायचं होतं. मी ‘वा’ म्हणालो.

त्या एका ‘वा’नं मला बांधून टाकलं. नंतर दर दिवशी सांगणं अवघड होत गेलं. लोक म्हणतील, औषधवाल्यानं मुद्दाम केलं, मित्राचा मका बुडवला, ही भीती होती. तूही तसंच म्हणशील, ही त्याहून मोठी भीती होती. आणि सगळ्यात वाईट वाटायचं ते असं की, मीच स्वतःला विचारायला लागलो, खरंच मुद्दाम केलं का मी? मला तुझी दया आली होती, याबद्दल मला खात्री आहे. पण टाकी भरता भरता मनाच्या एखाद्या कोपऱ्यात दुकान नव्हतंच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. चार वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. मला ते सापडलेलं नाही.

मग आपण हुरडा खातो तशी ती कणसं खाल्ली, ते आठवतं तुला? चार ओळी निवडून झाल्या, त्यांच्यावर पिशव्या चढल्या. बाद झालेल्या ओळींची कोवळी कणसं धुऱ्यावर भाजायची, असं तू जाहीर केलंस. सातव्या ओळीपाशी तू जरा रेंगाळलास. तिला तू पाच गुण दिले होतेस, चार ओळींना दोन-दोन. तुझ्या हिशेबानं पाच म्हणजे नापास. ‘‘माह्या नजरेनं धोका देल्ला, गड्या. मी हिलेच चांगली समजून बसलो होतो,’’ असं म्हणालास आणि फुलीची खुंटी स्वतःच्या हातानं उपटून निखाऱ्यांच्या आरावर टाकलीस. मीठ, तिखट आणि लिंबू लावून आपण ती कणसं खाल्ली. मी सातव्या ओळीची तीन खाल्ली. गोड होती.

पुढच्या वर्षी तुझ्या चार ओळींची पोरं वावरात उभी राहिली आणि अळीनं ती साफ केली. तू म्हणालास, पाऊस कमी होता. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालास, शेजारच्या वावरातला पराग शिरला असेल. दुहेरी पिशव्या शिवल्यास. उन्हात टोपी न घालता एकेक तुरा झटकत राहिलास. मी धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. त्या वर्षी सांगितलं असतं तरी तू मागं गेला असतास, आधीचं बियाणं काढलं असतंस, एक-दोन हंगामांत पुन्हा वाटेवर आला असतास. मी तुझे हंगाम खाल्ले, भास्कर. अळीनं खाल्ले नसतील इतके मी खाल्ले.

शेवटी तू स्वतःच्या नजरेवर संशय घेऊ लागलास. एसटीनं लोणारला जाऊन डोळे तपासून आलास. डॉक्टर म्हणाले, नजर छान आहे. मी म्हणालो, बघ, उगाच घाबरत होतास. तू म्हणालास, ‘‘तशी नजर नाही म्हणत बे मी. झाड पाहून कळते ना माणसाले, ते गेली माह्यी. का आधीपासून नव्हतीच, कोणाले माहीत.’’ त्यानंतर एका सकाळी तू बाकड्यावर बसला होतास आणि एक जण औषध मागायला आला. तू त्याला अळी पाहिली का म्हणून विचारलं नाहीस. नुसतं म्हणालास, ‘‘घेऊन जा. मले आता काही समजत नाही.’’ आणि मी कपाटातून बाटली काढून त्याला दिली.

तू गेल्यावर मला वाटलं होतं, आता हे माझ्यापाशीच राहील. पण गेल्या आठवड्यात वहिनीनं सकाळी बोलावून घेतलं. ओसरीवर चुन्याच्या डब्या मांडलेल्या होत्या, साठ-सत्तर तरी असतील. प्रत्येकीत कोवळं पान आणि एक अळी. तुझा ब्रश तिच्या हातात होता. तिनं जूनमध्ये तुझ्या त्या चार ओळींचंच बियाणं पेरलं होतं. मला म्हणाली, ‘‘दिलीपभाऊ, तुमी होते ना त्या वर्षी? मेलेल्या अळ्या तुमी पाह्यल्या ना तुमच्या डोळ्यानं?’’

मी म्हणालो, पाहिल्या.

‘‘बस. मले तेवढं पुरे हाये. एक डाव झालं म्हंजे होते ते. हे थकून गेले, मी नाही थकत. दहा वर्षं लागले तरी करीन.’’

ती सत्तावन्न वर्षांची आहे. दहा वर्षं ती त्या चार ओळींमागं घालवणार होती. मी चप्पल काढून ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, पंप, विहीर, ‘वा’. खाली बघूनच सांगितलं.

ती एकेक डबी उचलून झाकण लावत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, ‘‘किती ओळी?’’

‘‘चार. धुऱ्याकडच्या.’’

‘‘सातवीले मारलं होतं?’’

‘‘नाही. तिच्यापर्यंत गेलोच नव्हतो.’’

ती उठून आत गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. पेरून उरलेलं बियाणं तू दरवर्षी त्यात पुड्या बांधून ठेवायचास, हे मला ठाऊक होतं, पण तो डबा मी कधी उघडा पाहिला नव्हता. वर्षांप्रमाणे लावलेल्या पुड्या तिनं एकेक करून बाहेर काढल्या. त्या वर्षाची सातव्या ओळीची पुडी निघाली. उघडली तर आत सोंडकिड्यांनी पार पीठ करून टाकलं होतं. तिनं ते परातीत ओतलं, बोटानं पसरलं. अकरा दाणे शाबूत होते. ते उगवतील की नाही, हे तिलाही सांगता येणार नाही आणि मला तर नाहीच. तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून ते भिंतीतल्या देवळीत ठेवले.

पुडीचा कागद मात्र तिनं टाकला नाही. चष्मा लावून वाचत बसली. त्यावर तुझं बारीक अक्षर होतं. ‘ओळ सात. अकोल्याहून आल्यावर नीट पाहणे.’

‘‘म्हंजे हे जायच्या आधी लिहेल हाये,’’ ती म्हणाली. ‘‘म्हंजे त्याईले दिसलं होतं.’’

मी मान हलवली.

तिनं मोबाइल घेतला आणि तुझ्या मुलीला लावला. पलीकडून ‘बोल आई’ असं ऐकू आलं, आणि ही एकदम म्हणाली, ‘‘बाबाची नजर चुकली नव्हती वं माय. बरोबर होती त्याईची नजर.’’ मग ती रडायला लागली. तू गेल्यावर तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं म्हणतात. पोरीनं विचारलं असावं, कोणी सांगितलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि ‘‘दिलीपभाऊनं,’’ एवढंच म्हणाली. मला वाटलं, आता ती पुढचं सांगेल. तिनं सांगितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी तिथं बसू शकलो असतो. मी चप्पल घातली आणि निघालो.

एक गोष्ट मी वहिनीलाही सांगितली नाही. ती फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. दवाखान्यात शेवटच्या भेटीत वहिनी खाली चहा आणायला गेली होती. तू डोळे मिटून पडला होतास, मला वाटलं झोपलास. तू हळूच म्हणालास, ‘‘दिल्या, काय होतं बे त्या चार ओळीत?’’ मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि म्हणालो, आधी बरा हो, मग बोलू. तू ‘हाव’ म्हणालास. वहिनीला चहा घेऊन यायला चांगली दहा मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ तू माझ्याकडे बघत होतास.